दोन खुर्च्यांचे सर

शाळेकडून निरोप आला आहे. आमच्या इंग्रजीच्या सरांचा फोटो हॉलमध्ये लावायचं ठरलं आहे. शाळा समितीचे अध्यक्ष सेठजी स्वतः त्याला हार घालणार आहेत. त्या निमित्ताने स्मरणिका निघते आहे आणि तिच्यासाठी मी ‘सरांच्या काही गमतीदार आठवणी’ लिहून द्याव्यात, अशी सर्वांची इच्छा आहे.

‘‘दोन खुर्च्यांचा किस्सा तर हवाच,’’ निरोप घेऊन आलेले शिक्षक म्हणाले. ‘‘लोक पोट धरून हसतील. फार विक्षिप्त माणूस होता म्हणे!’’

म्हणे! हे शिक्षक गोंदियात नवे आहेत, त्यांचा दोष नाही. पण त्यांना हे सांगून पाठवणाऱ्यांचा आहे. ज्यांनी त्या माणसाला शाळेतून काढलं, त्यांनाच आता त्याच्या गमती हव्या आहेत. माणूस जिवंत असताना त्याचं ऐकायचं नाही आणि मेल्यावर त्याला भिंतीवर टांगून हसायचं, ही आमच्या गावाची रीत झाली आहे.

ठीक आहे. दोन खुर्च्यांपासूनच सुरुवात करतो.

सर वर्गात आले की फळ्याकडे जात नसत. कोपऱ्यातल्या दोन लाकडी खुर्च्या ओढून ते वर्गाच्या तोंडाशी मांडत. एकीचा हात मोडलेला होता. मग दोन इंग्रजी शब्द उच्चारत आणि एकेका खुर्चीला एकेक देऊन टाकत. कोणाला तरी उठवून एका खुर्चीवर बसवायचं, दुसऱ्याला दुसरीवर, आणि म्हणायचं, ‘‘हं, भांडा. तू तो नाहीस हे त्याला पटवून दे.’’ बसलेल्याने आपल्या शब्दाची बाजू मांडायची. हरला त्याला उठावं लागे आणि तिसरा येऊन बसे. तास संपेपर्यंत दोन्ही शब्द आमच्या अंगात भिनलेले असत.

आमच्या गाईडात जोड्या छापलेल्या असत. हा शब्द बरोबर तो शब्द, मधे बरोबरचं चिन्ह. सरांना त्या चिन्हाचा एवढा राग, की कोणाच्या बाकावर ते गाईड दिसलं तर बोटाने त्या चिन्हावर टकटक करून म्हणत, ‘‘हे खोटं बोलतं. दोन शब्द अगदी एकाच अर्थाचे असते, तर एक केव्हाच उपाशी मेला असता. भाषा कोणाला फुकट पोसत नाही.’’

अंगात बारमाही काळा कोट. गोंदियाच्या मे महिन्यात, जेव्हा रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, तेव्हाही. कोटाचे दोन्ही खिसे विड्यांनी फुगलेले. अर्धी विडी ओढून विझवायची आणि उरलेली कानावर ठेवायची. कधी कधी वर्गात शिकवताना कानावर ती तशीच असायची आणि मागच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसायची. त्यांना हसू येतंय हे सरांना कळे. ते म्हणत, ‘‘हसा. पण ‘लाफ’ करताय की ‘मॉक’, तेवढं ठरवून हसा.’’

वर्गाबाहेरही त्यांची सुटका नव्हती, आणि लोकांचीही. छोट्या लाइनच्या फलाटावर ते एकदा उभे होते. चांद्याकडून येणारी गाडी नेहमीप्रमाणे उशिरा होती. स्टेशनातल्या एका बाबूने अदबीने विचारलं, ‘‘गाडीची वाट पाहून राहिले का, सर?’’

‘‘वेट करतोय,’’ सर म्हणाले. ‘‘एक्स्पेक्ट करत नाहीये.’’

हा किस्सा गावात अजून सांगतात. हसतात. सांगणाऱ्यांपैकी किती जणांना हे कळलं असेल, की त्या दोन शब्दांच्या मधे आमच्यासारख्यांचं सगळं आयुष्य जातं? आम्ही वाट पाहतो. येईल अशी खात्री धरायची आमची ऐपत नसते.

एकदा वर्गात एक हमालाचा पोरगा डुलक्या देत होता. पुढच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, ‘‘सर, हा लेझी आहे!’’ झालं. लेझी आणि आयडल. दोन खुर्च्या आल्या. पोरगा बिचारा डोळे चोळत मोडक्या हाताच्या खुर्चीत. भांडण रंगलं आणि शेवटी सर म्हणाले, ‘‘धानाची गिरणी बंद पडली की तुझा बाप रिकामा बसतो. तो आयडल. त्याला काम हवंय, काम नाहीये. लेझी तो, ज्याच्या दारात काम येऊन उभं आहे आणि तो लोडाला टेकून म्हणतो, मुनीम बघेल. आपल्या गावात लेझी कोण आणि आयडल कोण, हे घरी जाऊन आपले आपण ठरवा. मला सांगू नका. माझी नोकरी जाईल.’’

वर्ग हसला. मीही हसलो. नोकरी जाण्याची गोष्ट तेव्हा थट्टेचीच वाटली होती.

देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. इंग्रजीच्या मास्तराला ते दिवस सोपे नव्हते. गुजरीत भाजी घ्यायला गेले तरी कोणी टोमणा मारी, ‘‘क्यों मास्टर, अंग्रेज तो गया, तुम काहे को रह गए?’’ सर वांगी चाचपत शांतपणे म्हणत, ‘‘तो गेला, पण कायदा अजून त्याच्याच भाषेत आहे. ज्या भाषेत आपल्याला फसवतात, ती भाषा आपल्याला फसवणाऱ्यापेक्षा चांगली आली पाहिजे.’’ टोमणा मारणारा दुसरीकडे बघे. मला मात्र तेव्हाच वाटलं होतं, की हा माणूस नुसतं इंग्रजी शिकवत नाहीये.

आता जे सांगायचं आहे त्याकडे येतो. स्मरणिकेच्या संपादकांना ते नको असणार.

माझी माय विड्या वळायची. आमच्या मोहल्ल्यातल्या बहुतेक बाया वळायच्या. सकाळी भिजवलेली तेंदूची पानं पत्र्याच्या तुकड्याच्या मापाने कातरीने कापायची, मांडीवर सूप घेऊन बसायचं, पानात तंबाखू भरायची, वळायची, सुताने बांधायची, तोंड मुडपायचं. दिवस कलला की टोपली घेऊन सेठजींच्या विडी कारखान्यात. तिथे मुन्शी बसलेला असे. तो जुड्या सोडून विड्या चाळे आणि त्यातल्या काही बाजूला काढे. त्याला छाट म्हणत. छाटलेल्या विडीची मजुरी नाही. आणि छाटलेली विडी परतही नाही. ती मुन्शीच्या मागच्या टोपल्यात जाई आणि टोपलं आतल्या खोलीत. पुढे त्या विडीचं काय होतं, हे विचारायची सोय नव्हती.

विचारलं की मुन्शी म्हणे, ‘‘तुहा हात बिघडला बाई. आता वय झालं.’’

मायचं वय काय झालं होतं? पण ती घरी येऊन कंदिलाच्या उजेडात आपली बोटं उलटीसुलटी करून बघायची. ‘‘काऊन बिघडला असंल रे माहा हात?’’ मला विचारायची. मजुरी गेल्याचं तिला दुःख होतंच. पण हात बिघडल्याचं दुःख त्याहून मोठं होतं. हात हीच तिची विद्या होती. मुन्शी रोज मूठभर विड्यांबरोबर तिची विद्याही काढून घेत होता.

युनियनची पत्रकं आमच्या मोहल्ल्यात येत. मी ती मोठ्याने वाचून दाखवी. अक्षर अक्षर लावून वाचायला मी त्यांच्यावरच शिकलो. युनियनची मागणी साधी होती. तुम्हाला विडी खराब वाटली, छाटा. पण छाटलेली विडी वळणारणीच्या डोळ्यांसमोर फाडा. आत नेऊ नका. बस्स, एवढंच. यापेक्षा सोपी मागणी मी आजवर वाचलेली नाही. आणि यापेक्षा जास्त संताप मालकांना दुसऱ्या कोणत्या मागणीचा आलेला पाहिला नाही.

त्याच सुमारास वर्गात ‘स्टील’ आणि ‘रॉब’ निघाले. स्टील म्हणजे चोरणं, नजर चुकवून. रॉब म्हणजे लुटणं, समोर उभं राहून, धाक दाखवून. खुर्च्यांवर भांडण छान झालं. सर खुशीत होते, कानावर विडी होती. मी हात वर केला.

‘‘सर, माय विड्या घेऊन जाते. मुन्शी तिच्यासमोर बसून त्यातल्या छाटतो. पैसे देत नाही आणि विड्याही देत नाही. हे कोणत्या खुर्चीवर बसवायचं?’’

वर्गातल्या सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या. सेठजींचा पुतण्या आमच्याच वर्गात होता. पण सर त्याच्याकडे बघत नव्हते. त्यांचा हात कोटाच्या खिशात गेला होता आणि तिथेच थांबला होता.

तेव्हा मला माहीत नव्हतं. ते नंतर कळलं. दर शनिवारी सेठजींच्या कारखान्यातून सगळ्या मास्तरांच्या घरी विड्या जात. फुकट. ‘‘छाट है, मास्टर, पी डालो,’’ असा सेठजींचा प्रेमळ निरोप. सरांचे दोन्ही खिसे त्याच विड्यांनी फुगलेले असत.

सरांनी हात रिकामाच बाहेर काढला. मग म्हणाले, ‘‘बस खाली. ह्याला माझ्याकडे आज खुर्ची नाही. मला वेळ दे.’’

कोणत्याही दोन शब्दांपुढे ते कधी अडलेले आम्ही पाहिले नव्हते. त्या दिवशी अडले. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा कानावर विडी नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. पोरांनी अंदाज बांधले, डॉक्टरांनी सांगितलं असेल, बायको रागावली असेल. सरांना बायको नव्हती, हेही पोरांना माहीत नव्हतं. विड्या त्यांच्या घरी येतच होत्या. ते परत पाठवत नव्हते. फक्त ओढत नव्हते.

मग संप झाला. छोटाच. बाया टोपल्या घेऊन कारखान्याच्या दारात बसून राहिल्या आणि आत गेल्याच नाहीत. राजधानी तेव्हा नागपूर होती. तिथून मजूर खात्याचे एक साहेब चौकशीला आले. साहेब दक्षिणेकडचे. मराठी शून्य, हिंदी जेमतेम. दुभाष्या हवा होता. सेठजी म्हणाले, ‘‘अपने मास्टर हैं ना! इज्जतदार आदमी, किसी के लेने-देने में नहीं.’’ युनियननेही मान डोलवली, कारण सर आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना शिकवत होते. असा हा माणूस दोन्हीकडच्या संमतीने त्या अंगणात येऊन उभा राहिला. सेठजींच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक तीच.

कारखान्याच्या अंगणात कडुलिंबाखाली दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर साहेब, एकीवर सेठजी. समोर जमिनीवर बाया. मी मायच्या मागे बसलो होतो. सर काळ्या कोटात मधे उभे.

युनियनच्या माणसाने मागणी सांगितली. सरांनी ती इंग्रजीत केली. साहेबांनी सेठजींकडे पाहिलं.

सेठजी म्हणाले, ‘‘साब को बोलो, छाट माने खराब माल. पत्ता फटा, तंबाखू कम, धागा ढीला. ऐसी बीडी कौन पिएगा? हम तो फेंक देते हैं.’’

मायच्या शेजारची बाई बसल्या जागेवरून म्हणाली, ‘‘फेकतेच तं आमच्या समोर फाडाले काय जाते तुमचं?’’

‘‘मजूर के सामने मालिक अपना माल फाड़ेगा?’’ सेठजी म्हणाले. ‘‘इज्जत का सवाल है. मास्टर, साब को बोलो, छाट माने डिफेक्टिव माल.’’

सर इंग्रजीत बोलले. त्यांच्या वाक्यात मला ‘रिजेक्टेड’ हा शब्द ऐकू आला. सेठजींनाही आला. व्यापारापुरतं इंग्रजी त्यांना येत होतं.

‘‘रिजेक्टेड नहीं. डिफेक्टिव बोलो.’’

‘‘ते मी नाही म्हणू शकत,’’ सर मराठीत म्हणाले.

‘‘क्यों? एक ही तो बात है!’’

एक ही तो बात है. ज्यांनी सरांच्या वर्गात एक दिवस काढला असेल, त्यांना कळेल की हे वाक्य त्या माणसासमोर म्हणजे काय होतं. सरांचा चेहरा तांबडा झाला. आवाज मात्र खाली आला. त्यांनी साहेबांकडे वळून इंग्रजीत काहीतरी विनंती केली. साहेब चमकले, मग हसले, आणि उठून उभे राहिले. सर सेठजींकडे वळले.

‘‘सेठजी, मला ही खुर्ची लागेल.’’

‘‘क्या?’’

‘‘दोन्ही लागतील. साहेबांनी दिली आपली.’’

साहेब उभे असताना बसून राहणं सेठजींना शोभेना. ते उठले. बायांत खसखस पिकली. कोणीतरी पुटपुटलं, ‘‘मास्तर इथं बी शाळा भरवून राहिला का जी!’’

सरांनी खिशांतून विड्यांच्या जुड्या काढल्या. बऱ्याच आठवड्यांच्या. साठवलेल्या.

‘‘मुन्शीजी,’’ त्यांनी हाक मारली, ‘‘ह्या जुड्या माझ्या घरी कोण आणून देतं?’’

मुन्शीला त्यात काही वावगं वाटलं नाही. ‘‘मीच आणतो न जी. दर शनिवारी.’’

‘‘हा चांगला माल आहे की छाट?’’

‘‘छाटच हाय,’’ मुन्शी जरा रागानेच म्हणाला. आपल्यावर चोरीचा आळ येतो आहे असं त्याला वाटलं असावं. ‘‘मास्तरले चांगला माल कायले देऊ?’’

सेठजींनी डोळे मिटून घेतले. सरांनी मुन्शीचं बोलणं शब्द न शब्द इंग्रजीत करून सांगितलं. ‘कायले देऊ’ सुद्धा. मग जुड्या सोडून साहेबांच्या हातात दिल्या आणि खुर्च्यांकडे बोट दाखवलं. फुटकी, पोकळ, सैल विडी ह्या खुर्चीवर. धड असेल ती त्या खुर्चीवर. निवडायचं साहेबांनी.

साहेब निवडू लागले. एकेक विडी उजेडात धरून, चिमटीत दाबून बघत होते. एका खुर्चीवर दोन-चार विड्या पडल्या. दुसरीवर ढीग वाढत गेला आणि खाली घरंगळू लागला. बाया एकेक करून उठून उभ्या राहिल्या, नीट दिसावं म्हणून. माझी माय उभी राहिली तेव्हा तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

शेवटी सरांनी ढिगातली एक विडी उचलून साहेबांपुढे धरली. काडी ओढली. साहेबांनी एक झुरका घेतला, दुसरा घेतला. मग म्हणाले, ‘‘इट इज अ गुड बिडी.’’

सर बायांकडे वळले. त्या दिवशी त्यांनी केलेलं सगळ्यात छोटं भाषांतर ते.

‘‘साहेब म्हणतात, विडी चांगली आहे.’’

आधी कोणाला कळलंच नाही. मग माय बोलली. मोठ्याने नाही, आपल्याशीच बोलल्यासारखी.

‘‘मंग माहा हात चांगलाच होता न जी?’’

सरांनी तिला हात जोडले. म्हणाले, ‘‘बाई, हात चांगलाच होता. डिफेक्टिव्ह म्हणजे दोष विडीत असतो. रिजेक्टेड म्हणजे कोणीतरी तिला नको म्हटलं. नको म्हणणाऱ्यात दोष असला तरी विडी छाटली जातेच. आणि तुमच्या ह्या विड्या इतकी वर्षं मी फुकट ओढल्या. तुमच्या पोराने वर्गात मला विचारलं होतं, ह्याला कोणती खुर्ची. त्या खुर्चीवर मुन्शीच्या शेजारी मीही बसलो होतो.’’

साहेब नागपूरला गेले. थोड्या दिवसांनी हुकूम आला, छाट मजुराच्या समोर फाडावी. आणि काय चमत्कार! विड्या एकदम सुधारल्या. पानं तीच, तंबाखू तीच, हात तेच. पण छाटलेली विडी फाडावी लागते म्हटल्यावर मुन्शीला छाट सापडेनाशी झाली. बाया टोपलीभर विड्या नेत आणि टोपलीभर विड्यांची मजुरी घेऊन येत. माय त्या दिवसांत गाणं म्हणत विड्या वळायची. पुढे संप विसरला गेला, साहेब बदलले, फाडणं हळूहळू थांबलं आणि टोपलं पुन्हा आतल्या खोलीत जायला लागलं. हे लिहीत असतानाही जातं आहे. हे स्मरणिकेत छापा.

आणि सर?

शाळेचं वर्ष संपलं तेव्हा समितीने त्यांना बोलावलं. सांगितलं, पुढच्या वर्षी आपली गरज नाही, आपल्याला ‘रिलीव्ह’ करण्यात येत आहे. ह्या बैठकीचं वर्णन मला तिथे हजर असलेल्या एका जुन्या मास्तरांनी केलं. तेही तेव्हा गप्प बसले होते.

सरांनी एकच प्रश्न विचारला. ‘‘रिलीव्ह की डिसमिस?’’

मुख्याध्यापक चुळबुळत म्हणाले, ‘‘आता काय सर! एकच आहे हो.’’

‘‘एकच असतं,’’ सर म्हणाले, ‘‘तर तुम्ही दुसरा शोधला नसता. डिसमिस करायला कारण द्यावं लागतं. ते तुमच्याजवळ नाही. रिलीव्ह म्हणजे मोकळं करणं. मी मोकळं करा म्हणालो होतो का?’’

समितीत वकील होते, डॉक्टर होते, गावातले शिकलेसवरलेले सगळे होते. उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं असं नाही. चहा आला आणि विषय बदलला.

गावात मात्र उत्तर तयार होतं. मास्तरचं डोकं फिरलं. कायद्याच्या माणसाला खुर्चीवरून उठवतो म्हणजे काय? विक्षिप्तच तो. विक्षिप्त हा शब्द फार सोयीचा आहे. ज्याचं खोटं ठरवता येत नाही त्याला विक्षिप्त म्हणावं. म्हणजे त्याचं बोलणं ऐकूही येतं आणि ऐकावंही लागत नाही. सर असते तर म्हणाले असते, ‘हिअर’ केलं, ‘लिसन’ नाही.

त्यानंतर सरांनी स्टेशनच्या मागे एक खोली घेतली आणि शिकवण्या करू लागले. शिकवण्या कोण लावणार? सेठजींच्या ओळखीचं नाही असं घर गोंदियात नव्हतं. आमच्या मोहल्ल्यातली पोरं जात. मी कॉलेजसाठी नागपूरला जाण्याआधी त्यांना भेटायला गेलो. कोट खुंटीला टांगलेला होता, खिसे सपाट. खोलीत एकच खुर्ची होती. दुसरी कुठे गेली, मी विचारलं नाही. ती खुर्ची त्यांनी मला दिली आणि स्वतः उभे राहिले.

‘‘आता भांडायला दुसरी नाही,’’ ते हसून म्हणाले. ‘‘त्यामुळे तुझंच खरं.’’

मी त्यांच्यासाठी विड्यांची एक जुडी नेली होती. मायने स्वतः वळलेली, आमच्या घरची. त्यांनी एक विडी काढली, उजेडात धरली, चिमटीत दाबून पाहिली, थेट साहेबांसारखी. पेटवली. बऱ्याच महिन्यांनी ओढत होते बहुधा. डोळ्यांत पाणी आलं. धुराने असेल.

‘‘मायला सांग,’’ ते म्हणाले, ‘‘छाट नाही.’’

पुढे ते गोंदिया सोडून गेले आणि कुठल्याशा गावी वारले. बातमी गावात पोचायलाही दिवस लागले. आता राजधानी मुंबईला गेली आहे, शाळेला नवा हॉल झाला आहे आणि हॉलच्या भिंतीला फोटो हवा आहे. ज्या हातांनी त्यांना घालवलं ते हात त्यांना हार घालणार आहेत. फोटोखाली लिहिणार आहेत, ‘आमचे लाडके गुरुवर्य’. लाडके केव्हापासून? आणि सत्कार कोणाचा, सरांचा की सेठजींचा? ही दोन नावं एकाच अर्थाची आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल मधे बरोबरचं चिन्ह घालावं.

मी आपल्याला गमतीदार आठवणी दिलेल्या नाहीत, हे मला माहीत आहे. हा मजकूर आपल्याला पसंत पडणार नाही, हेही माहीत आहे. आपण म्हणाल, लेख सदोष आहे, भाषा कडक आहे, प्रसंगाला शोभणारा नाही. म्हणा. आपल्या स्मरणिकेत तो घेऊ नका. तो आपला अधिकार आहे.

पण छाटलात तर तो आतल्या खोलीत नेऊन ठेवू नका. त्यातला फलाटाचा किस्सा वेगळा काढून हसायला वापरू नका. निरोप पाठवा. मी मायला घेऊन येईन. आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर फाडा.